चिपाडातलं निकेल: एका एम.एस्सी. प्रकल्पाच्या नोंदी

4 डिसेंबर

विषय एकदाचा ठरला. सांडपाणी शुद्धीकरणासाठी निकेलचा कॅटॅलिस्ट (अभिक्रियेला वेग देणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) करायचा आणि त्यावर सोडियम बोरोहायड्राइड वापरून पॅरा-नायट्रोफेनॉलचं क्षपण, म्हणजे रिडक्शन, करायचं. लॅबमध्ये त्याला सगळे पीएनपीच म्हणतात, मीही तेच लिहिणार. मागच्या वर्षीच्या बॅचने हेच काम चांदीवर केलं होतं. आम्ही पॅलेडियमचं नाव काढलं तर मॅडम म्हणाल्या, "किंमत बघून या, मग बोलू." बघून आलो. निकेल नक्की झालं.

निकेल काही गरिबाघरचा नाइलाज नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबात्येने 1897 साली निकेलवरच इथिलीनला हायड्रोजन जोडला आणि 1912 चं नोबेल ग्रिन्यारसोबत वाटून घेतलं. आपल्याकडे शिवडीच्या कारखान्यात डालडा घट्ट व्हायचा तोही निकेलच्याच जिवावर. आजीच्या फोडणीत अप्रत्यक्षपणे निकेल होतंच म्हणायचं.

पीएनपी का? मिथाइल पॅराथिऑनसारखं कीटकनाशक फुटलं की हेच उरतं. (त्या औषधावर आपल्याकडे 2018 मध्ये बंदी आली.) शिवाय ते डोळ्यांना पिवळं दिसतं आणि त्याचं झालेलं पॅरा-ॲमिनोफेनॉल बिनरंगी असतं, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायला सोपं. यादीत मी काँगो रेड हा लाल रंगही लिहिला होता. मॅडमनी त्यावर काट मारली आणि विचारलं, "त्याचा ॲझो बंध तोडलास की काय मिळतं?" घरी जाऊन रचना काढली. बेंझिडीन. माणसाला कॅन्सर करणारं म्हणून सिद्ध झालेलं रसायन. म्हणजे लाल पाणी बिनरंगी करून आम्ही ते आणखी विषारी केलं असतं आणि वर "99 टक्के काढून टाकलं" असं लिहिलं असतं.

9 डिसेंबर

कॅटॅलिस्टला आधार म्हणून चिपाडाचा कोळसा. कल्पना माझी, कारण माल फुकट. आप्पांच्या गुऱ्हाळावरून पोतंभर चिपाड आणलं. गाळप जोरात आहे, काहिलीखाली जाळायला तेच लागतं, त्यामुळे आप्पा जरा कुरकुरले. "एवढं शिकून शेवटी चिपाडच नेलंस व्हय?" म्हणून हसलेही.

चिपाड गरम पाण्यात तीनदा धुतलं, गोडवा राहिला तर भट्टीत चिकट काजळी होते. 105 अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं. मिक्सरवर दळून वस्त्रगाळ केलं. मिक्सर घरचा, आईला अजून सांगितलेलं नाही.

13 डिसेंबर

तुलनेसाठी आधाराशिवायचं नुसतं निकेलही हवं. हायड्रॅझिनची पद्धत घेतली. 2.38 ग्रॅम निकेल क्लोराइड (सहा रेणू पाण्याचं) 50 मिली पाण्यात, पोपटी हिरवं द्रावण. फ्यूम हूडमध्ये हायड्रॅझिन हायड्रेट थेंब थेंब सोडलं. हिरवा रंग निळसर झाला आणि मग जांभळा गाळ बसला, वांग्याच्या फुलासारखा फिकट. हा निकेल-हायड्रॅझिन कॉम्प्लेक्स, अजून धातू नाही. कॉस्टिकने पीएच 12 वर नेऊन 70 अंशांवर ठेवलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग एकदम फेस आला, नायट्रोजन सुटू लागला आणि बघता बघता सगळं राखी, मग काळं झालं. बीकर मोठं घेतलं होतं म्हणून निभावलं.

चुंबक बाहेरून लावला तर काळी भुकटी काचेला येऊन चिकटली, वरचं पाणी नितळ. गाळणकागदाची गरजच नाही. हे बघायला लॅब अटेंडंट मामाही आले. पाण्याने, मग अल्कोहोलने धुतलं. बारीक निकेल अगदी कोरडं करून हवेत उघडं टाकायचं नाही, धुमसतं. रेनी निकेल तर वाळलं की चक्क पेट घेतं. आमचं एवढं तिखट नाही, तरी सवय तीच ठेवायची. हिशेबाने 0.587 ग्रॅम मिळायला हवं होतं, मिळालं 0.51. पण ढेकळं. खलात घोटली तरी भिंगाखाली गठ्ठेच दिसतात. चुंबकत्वाचा हा तोटा: कणच एकमेकांना धरून बसतात.

17 डिसेंबर

10 ग्रॅम चिपाडाच्या पिठात 1.24 ग्रॅम निकेल नायट्रेटचं द्रावण मुरवलं. म्हणजे निकेल पाव ग्रॅम. रात्रभर ढवळत ठेवलं, मग वॉटर बाथवर आटवलं. पीठ हिरवट, दमट, हिरव्या मुगाच्या भरड्यासारखं.

19 डिसेंबर

घाण झाली.

झाकण ठेवलेलं क्रूसिबल मफल फर्नेसमध्ये 500 अंशांवर दोन तास ठेवलं. आधी भट्टीच्या फटीतून तपकिरी धूर आला, तो नायट्रेट फुटल्याचा. पार्टनरने एक्झॉस्ट लावला आणि आम्ही बाहेर जाऊन उभ्या राहिलो. थंड झाल्यावर उघडलं तर कोळसा नाहीच, तळाला हिरवट करडी राख. वजन 0.58 ग्रॅम. चुंबक फिरवला, राख ढिम्म हलली नाही. झाकणाच्या फटीतून हवा गेली, कार्बन जळाला, निकेल ऑक्साइड उरलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नायट्रेट आणि चिपाड म्हणजे शोभेच्या दारूचा मसाला. एकदम 500 वर कशाला नेलंत?" खरं आहे. नशीब, माल थोडा होता.

23 डिसेंबर

आमच्याकडे ट्यूब फर्नेस नाही आणि नायट्रोजनचं सिलिंडर महिनाभर रिकामं पडलंय. मामांनी तोडगा सांगितला. लहान क्रूसिबल मोठ्या क्रूसिबलमध्ये ठेवायचं आणि मधल्या जागेत लाकडी कोळशाची पूड ठासून भरायची. हवा आत शिरलीच तर आधी ती पूड जळेल, आतला माल वाचेल. यावेळी तापमान मिनिटाला 5 अंशांनी चढवलं, 200 वर अर्धा तास थांबवून नायट्रेट आधी हळूहळू जाऊ दिलं, मग 500 वर दोन तास. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत उघडायची नाही, हे पार्टनरने दारावर कागद लावून लिहिलं, कारण माझा हात तिला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी उघडलं. काळीभोर, हलकी भुकटी, 2.6 ग्रॅम. घड्याळकाचेवर चिमूटभर घेऊन खालून चुंबक फिरवला तर भुकटीचे केस उभे राहिले आणि चुंबक नेऊ तिकडे गेले. ऑक्साइड असं करत नाही. हायड्रोजनचं सिलिंडर न लावता चिपाडातूनच निघालेल्या वायूंनी आणि कार्बनने ऑक्साइडचं धातूत रूपांतर केलं.

2 जानेवारी

सुट्टीनंतर पहिलं काम निकेल किती बसलं ते मोजणं. हिशेबाने साधारण 10 टक्के, पण हिशेब म्हणजे मोजमाप नव्हे. 100 मिलिग्रॅम आम्लात उकळून, गाळून, अमोनिया आणि डायमिथाइल ग्लायऑक्झाइम (निकेलशी लाल गाळ देणारं रसायन) घालून गाळ पाडला. बी.एस्सी.ला हेच प्रॅक्टिकल किती कंटाळवाणं वाटायचं! लालबुंद गाळ, वाळवून 0.0458 ग्रॅम. त्यातलं निकेल 20.32 टक्के, म्हणजे 9.3 मिलिग्रॅम. 9.3 टक्के. चालेल.

एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) सॅम्पल विद्यापीठाच्या इन्स्ट्रुमेंटेशन सेंटरला दिलं. रांग आहे.

6 जानेवारी

कोऱ्या चाचण्या, म्हणजे निकेल नसताना काय होतं ते बघणं. कंटाळा आला तरी याच आधी.

पीएनपी 13.9 मिलिग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे 0.1 मिलिमोलर. फिकट पिवळं, प्रकाश शोषणाचं शिखर 317 नॅनोमीटरला. 50 मिलीला 19 मिलिग्रॅम बोरोहायड्राइड टाकल्याबरोबर रंग हळदीसारखा गडद झाला आणि शिखर 400 ला गेलं. पार्टनरला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं नाही. द्रावण अल्कधर्मी झालं, फेनॉलचं फेनोलेट झालं, एवढंच. ॲब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला तो आकडा) 1.79. कॅटॅलिस्ट नाही म्हणून तासभर बसलो तरी 1.79 च. ऊर्जेच्या हिशेबाने ही अभिक्रिया व्हायला काहीच हरकत नाही, पण कोणी हात धरून नेल्याशिवाय होत नाही.

दुसरी कोरी चाचणी मॅडमनी लावली: निकेल न घातलेला चिपाडाचा कोळसा. तीस मिनिटांत 1.79 वरून 1.70 आणि तिथेच थांबला. हे नुसतं पृष्ठभागावर चिकटणं, क्षपण नाही. ही चाचणी केली नसती तर हेही निकेलच्या खात्यात गेलं असतं. म्हणून ठरवलं, 400 चं शिखर पडतंय एवढ्यावर थांबायचं नाही, 300 ला ॲमिनोफेनॉलचं शिखर वर येताना दिसलं पाहिजे.

9 जानेवारी

पहिली खरी रन, आणि आलेख म्हणजे सह्याद्रीची रांग. वर, खाली, वर. कारण क्युवेटमध्येच (मोजमापाच्या छोट्या चौकोनी नळीत) कॅटॅलिस्ट टाकला होता. निकेल बोरोहायड्राइडचंही विघटन करतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, बुडबुडा किरणाच्या वाटेत आला की आकडा उडतो. काळे कणही मध्ये तरंगतात.

यापुढे रन बीकरमध्ये. 50 मिली, 10 मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट, काचेच्या कांडीने ढवळायचं. मॅग्नेटिक स्टरर लावला तर सगळा माल फिरत्या गोळीलाच चिकटतो. हेही आज शिकलो. दर दोन मिनिटांनी तीन मिली काढायचे, क्युवेटला दहा सेकंद चुंबक टेकवायचा आणि वाचायचं.

12 जानेवारी

आता नीट आलं. पहिली दोन मिनिटं जवळजवळ काहीच नाही, मग एकदम गती. दुसऱ्या मिनिटापासून: 1.76, 1.20, 0.78, 0.54, 0.35. लॉगॅरिदम काढून वेळेसमोर मांडलं तर सरळ रेषा. बोरोहायड्राइड शंभर पट जास्त असल्याने त्याचं प्रमाण बदलत नाही असं धरता येतं, म्हणून अभिक्रिया पहिल्या क्रमाची भासते. वेगांक मिनिटाला 0.20. साधारण साडेतीन मिनिटांत निम्मं. 300 चं शिखर वर आलं. सतराव्या मिनिटाला बीकर पाण्यासारखं.

नुसत्या निकेलच्या ढेकळांचे 10 मिलिग्रॅम घेऊन तेच केलं तर पन्नास मिनिटं लागली. त्यात निकेल दहापट होतं! पण आतलं निकेल आतच, पाण्याला भेटतच नाही.

दुपारची रन मात्र अर्ध्यावर थांबली. शोधाशोध केली तर पार्टनरने सकाळचं बोरोहायड्राइडचं द्रावण वापरलं होतं. ते पाण्यात ठेवलं की आपलं आपणच मरतं. बर्फाच्या पाण्यात, दर रनला ताजं करायचं. बाटलीचं झाकणही घट्ट, नाहीतर खडीसाखरेचे खडे.

22 जानेवारी

एक्सआरडी आला. 44.5, 51.8, 76.4 अंश: धातूरूप निकेलची तिन्ही शिखरं जागच्या जागी. 24 च्या आसपास कार्बनचा पसरट फुगवटा. 37.2 ला एक बारीक टेकाड, आणि 44.5 च्या डाव्या खांद्यावर 43.3 ला दुसरं. हे निकेल ऑक्साइड. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांचं कोडं सुटतंय: कणांवर ऑक्साइडची पातळ साय असावी, बोरोहायड्राइड आधी ती खातं आणि मग कामाला लागतं.

44.5 च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी 0.45 अंश. शेररच्या सूत्राने स्फटिक 19 नॅनोमीटरचे. पार्टनरला हा आकडा फार आवडला, प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर टाकलाय. उपकरणाची स्वतःची रुंदी वजा केलेली नाही म्हणून मी "सुमारे" घालायला लावलं.

29 जानेवारी

आज मिथिलीन ब्लू. लिटरला 10 मिलिग्रॅमचं गडद निळं द्रावण. कॅटॅलिस्ट आणि बोरोहायड्राइड टाकलं, मिनिट भरायच्या आत पांढरं स्वच्छ. शेजारच्या टेबलवरचे लोक उठून बघायला आले. मी व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. आप्पांनी चिपाडाला नमस्काराचा इमोजी पाठवला.

30 जानेवारी

सकाळी बाटली पुन्हा निळी.

वरच्या बाजूने निळी, खाली फिकट. बाटली हलवली तर सगळीच निळी झाली. रंग तुटला नव्हताच. मिथिलीन ब्लूचं फक्त ल्युको, म्हणजे बिनरंगी, रूप झालं होतं, रात्रभरात बोरोहायड्राइड संपलं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याला परत मूळ रूपात आणलं. ज्या प्रयोगाला शाळांत निळी बाटली म्हणून टाळ्या मिळतात, तोच मी "प्रदूषक नष्ट" म्हणून दाखवत होते. व्हिडिओ काढून टाकला. आप्पांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

पीएनपीची कालची बाटलीही बघितली. पिवळी झाली नाही, पण चहाच्या पाण्यासारखी तपकिरी. ॲमिनोफेनॉल अल्कधर्मी पाण्यात हवा लागून ऑक्सिडाइज होतं. कारखान्यात यापासून पॅरासिटामॉल करतात, पण इथे ते पाण्यातच पडून आहे.

5 फेब्रुवारी

कॅटॅलिस्ट पुन्हा पुन्हा वापरून बघितला. 95 टक्के व्हायला लागलेली मिनिटं: 17, 17, 20, 25, 34. चौथ्या फेरीनंतर मला वाटलं, पृष्ठभागावर ॲमिनोफेनॉल चिकटून बसलं असेल, ते बेसिक आहे, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलं तर निघेल. धुतलं. पाचवी फेरी उलट मंदावली.

7 फेब्रुवारी

ते आम्लाचं धुवण टाकलं नव्हतं, बरं झालं. अमोनिया घातला आणि ग्लायऑक्झाइमचे चार थेंब सोडले. परीक्षानळीत कुंकू. माझं पाव ग्रॅममधलं निकेल मीच धुऊन काढत होते! मॅडम हसल्या नाहीत, हे जास्त लागलं.

मग चौथ्या फेरीपर्यंतचं अभिक्रियेचं पाणी तपासलं. रंग नाही. ग्लायऑक्झाइमला न दिसण्याइतकं थोडं असू शकतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात निकेल 0.02 मिलिग्रॅम प्रति लिटरवर थांबलंय, त्यामुळे "निकेल सुटत नाही" असं मी लिहिणार नाही. "या चाचणीत दिसलं नाही" असं लिहिणार. धुवायला यापुढे फक्त पाणी आणि इथेनॉल.

11 फेब्रुवारी

मॅडमचा नवा प्रश्न: काम भुकटीवर होतंय की विरघळलेल्या निकेलमुळे? प्रश्न खवचट वाटला, पण निकेलच्या क्षारात बोरोहायड्राइड पडलं की काळं निकेल बोराइड होतं आणि तेही हेच काम करतं. म्हणून रन निम्म्यावर आल्यावर चुंबक लावून भुकटी अडवली, द्रावण दुसऱ्या बीकरमध्ये ओतलं. 0.88. अर्ध्या तासाने 0.87. भुकटी परत टाकली, पुन्हा उतरू लागलं. हा आलेख मला सगळ्यांत आवडतो, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही, एक आडवी रेघ.

20 फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमधून (कापड रंगवायच्या कारखान्यातून) आणलेलं पाणी. वीस लिटरचा कॅन, जांभळट तपकिरी, मिठाने खारट, पीएच 10 च्या वर. आमचं लॅबचं पाणी म्हणजे एक रसायन आणि डिस्टिल्ड वॉटर. हे म्हणजे पंगतीनंतरचं खरकटं. रिॲक्टिव्ह रंग, मीठ, सोडा, साबण, कापसाचे धागे.

10 मिलिग्रॅमने काहीच हललं नाही. 50 ने, पाचपट बोरोहायड्राइड घालून, दोन तासांत मळकट पिवळं. मग सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा. यात एक मेख आहे. उरलेलं बोरोहायड्राइड स्वतःच डायक्रोमेट खातं, त्यामुळे आधी आम्ल घालून ते संपवावं लागतं, नाहीतर सीओडी उलट वाढलेला दिसतो. पहिल्यांदा तसाच दिसला. नीट केल्यावर आधी 1,340, नंतर 1,290. टायट्रेशनच्या चुकीत मावेल एवढा फरक. रंग गेला, माल तिथेच आहे.

24 फेब्रुवारी

रात्री एक हिशेब केला, करायला नको होता असं वाटलं. आमच्या साध्या रनमध्येच बोरोहायड्राइड 10 मिलिमोलर. म्हणजे लिटरला 108 मिलिग्रॅम बोरॉन पाण्यात सोडतोय. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 2.4. काढायचं होतं 14 मिलिग्रॅम पीएनपी.

सकाळी मॅडमना वही दाखवली. त्यांनी बेरीज तपासली आणि म्हणाल्या, "हे प्रबंधात घाल." मी म्हटलं, "मॅडम, मग प्रकल्पच उरत नाही." त्या म्हणाल्या, "कॅटॅलिस्ट किती चांगला आहे ते मोजायला ही अभिक्रिया उत्तम. सकाळी लावली की जेवायच्या आत उत्तर मिळतं. पाणी शुद्ध करायला ती कोणी सांगितली? मथळा कोणी लिहिला?" मथळा मीच लिहिला होता.

9 मार्च

बोरोहायड्राइडऐवजी फॉर्मिक आम्ल घेऊन दोन रन. निकेलवर खोलीच्या तापमानाला काहीच नाही, आणि आम्लात निकेल सुटतं ते वेगळंच. हायड्रोजन वायू घ्यायचा तर प्रेशर रिॲक्टर पाहिजे. इथे थांबलो.

27 मार्च

बाइंडिंगवाल्याकडे. पहिलं पान बदललं. "सांडपाणी शुद्धीकरणासाठी" हे दोन शब्द काढले, "पॅरा-नायट्रोफेनॉलच्या क्षपणासाठी" घातले. सोनेरी अक्षरांचा ठसा आधीच केला होता, त्याचे जादा 150 रुपये पार्टनरने आणि मी निम्मे-निम्मे भरले.

1.1 ग्रॅम कॅटॅलिस्ट उरलाय. इथेनॉलखाली बाटलीत भरून पुढच्या बॅचसाठी डिसिकेटरच्या शेजारच्या कपाटात ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं: निकेल 9.3 टक्के, चिपाडाच्या कोळशावर. कोरडा करू नये. आम्लाने धुऊ नये. मिथिलीन ब्लूचा व्हिडिओ काढू नये.